नोची म्हणजे अक्रोड

मित्रांनो, हॉटेलात गेल्यावर जेवणाच्या आधी, कधीकधी पाण्याच्याही आधी तुमच्या हातात जे पडते, ते मी. मी एक जुने मेनूकार्ड आहे. माझ्या पाठीवर पोलिसांचा शिक्का आहे, आणि ज्या हॉटेलसाठी मला छापले ते हॉटेल आता उरलेले नाही. वस्तू आपली कहाणी सांगू लागली की ऐकणाऱ्याला थोडी मौज वाटावी, अशी रीत आहे. माझ्या कहाणीतली मौज सुरुवातीलाच संपते. तरी ऐका.

माझा जन्म एका छापखान्यात झाला. सायीच्या रंगाचा जाड कागद, त्यावर सोनेरी अक्षरे, बाहेरून तपकिरी कव्हर. आम्ही बारा भावंडे होतो, टेबलामागे एक. मला सात नंबरचे टेबल मिळाले. आम्हाला न्यायला मालक स्वतः आला होता. छापखानेवाल्याने चष्मा कपाळावर चढवून आमच्यावरचा मजकूर वाचून पाहिला आणि नाद सोडला.

"साहेब, ही नावं कुठली म्हणायची?"

"इटलीची. पास्त्याचे प्रकार आहेत."

"मग खाली बारीक अक्षरात अर्थ छापून देतो की. जागा आहे भरपूर."

मालक हसला. "अर्थ कळला की माणूस किंमत बघतो. नाही कळला की मान डोलावतो. राहू दे."

छापखानेवाल्याने मान डोलावली.

हॉटेल सुरू झाले. पांढरे टेबलक्लॉथ, प्रत्येक टेबलावर काचेची बरणी आणि तिच्यात एक फूल. लोक नटूनथटून येत. मला उघडत, आणि त्यांचे चेहरे परीक्षेच्या पेपरासमोर बसल्यासारखे होत. काही जण मला इतके वर धरत, की समोरच्याला त्यांचे तोंड दिसू नये. काही जण शेजारच्या टेबलाकडे हळूच बोट करून म्हणत, "त्यांना दिलंत ना, तेच आणा." एक म्हातारे गृहस्थ दर बुधवारी यायचे आणि दर बुधवारी स्पागेटीच मागवायचे. ती आवडायची म्हणून नव्हे. तेवढे एकच नाव त्यांना न अडखळता म्हणता यायचे.

मग तिथे आत्या आली.

आत्या म्हणजे आमच्या आचाऱ्याची सख्खी आत्या. नवरा गेल्यावर तिने बरीच वर्षे एका शाळेच्या खानावळीत वाढपाचे काम केले होते. ती खानावळ बंद पडली तेव्हा भाच्याने शब्द टाकून तिला इथे लावली. पन्नाशी उलटलेली, अंगाने बारीक, कानाशी पेन्सिल खोवलेली. तो तिला आत्या म्हणायचा, म्हणून मालक सोडून सगळेच आत्या म्हणू लागले. भाचा अकरा वर्षे जहाजावरच्या भटारखान्यात होता. तिथे एका इटालियन उस्तादाच्या हाताखाली त्याने पीठ मळण्यापासून सगळे शिकून घेतले होते.

पहिल्याच दिवशी एका गिऱ्हाइकाने आत्याला विचारले, "बाई, हे लिंग्विने म्हणजे काय?" आत्या म्हणाली, "मला नाही माहीत. थांबा, विचारून येते." ती आत गेली, विचारून आली. त्या दिवशी ती अशी सोळा वेळा आत गेली. सोळाव्या वेळेला भाचा वैतागला.

"आत्या, दुपारी तीन ते पाच मोकळे असतो आपण. एकदाच काय ते सगळं विचारून घे, पण माझ्या उकळत्या पाण्यापाशी सारखी येऊ नकोस."

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. भाचा अंडी फोडून मैदा मळायचा आणि आत्या मला समोर उघडून एकेका नावावर बोट ठेवायची.

"स्पागेटी म्हणजे सुतळी."

"अगं बाई! सुतळी खायला एवढी अत्तरं लावून येतात होय?"

"लिंग्विने म्हणजे छोट्या जिभा. ओरेकिएत्ते म्हणजे इवले कान. पेन्ने म्हणजे बोरू."

"जिभा काय, कान काय. हे हॉटेल आहे की डॉक्टरचा दवाखाना?"

"फार्फाले म्हणजे फुलपाखरं. वर्मिचेल्ली म्हणजे अळ्या. पण हे गिऱ्हाइकाला सांगू नकोस."

"आणि हे आराब्याता?"

"रागावलेली. मिरची असते ना त्यात."

आत्या पोट धरून हसायची, आणि हसता हसता कानामागची पेन्सिल काढून सोनेरी नावाखाली बारीक, गोल अक्षरात लिहायची. सुतळीसारखा लांब. फुलपाखराच्या आकाराचा, टोमॅटो घातलेला. रागावलेली, म्हणजे तिखट, पाणी जवळ ठेवा. खालून तिसऱ्या ओळीवर एक लांबलचक नाव होते. पानसोत्ती, साल्सा दि नोची.

"पानसोत्ती म्हणजे ढेरपोटे," भाचा म्हणाला. "आत पालेभाजी आणि चीज भरलेलं असतं, म्हणून पोट सुटलेलं दिसतं. आणि नोची म्हणजे अक्रोड. वरचा पांढरा सॉस दिसतो ना, तो वाटलेल्या अक्रोडाचा."

"दिसतो तर अगदी दुधासारखा."

"दिसतो. पण आहे अक्रोडच."

आत्याने लिहिले, अक्रोड. शाळेच्या खानावळीत असताना शेंगदाणा खाऊन एका पोराचे तोंड भोपळ्यासारखे सुजलेले तिने पाहिले होते. म्हणून हा शब्द लिहिताना तिने पेन्सिल जोर लावून दाबली. मला ते टोचले. बाराही कार्डांवर तिने तो तसाच दाबून लिहिला.

मित्रांनो, माझ्या आयुष्यातले ते आठ महिने सुखाचे होते. लोक मला वाचून हसू लागले, एकमेकांना वाचून दाखवू लागले. बुधवारचे आजोबा माझ्यावर बराच वेळ बोट फिरवत बसले आणि मग त्यांनी इवले कान मागवले. "पाच महिने सुतळी चघळतोय मी," ते आत्याला म्हणाले. "आधी का नाही भेटलात?" कोणी निघताना म्हणे, तुमचे कार्ड फार छान आहे हो. ती शाबासकी माझी नव्हती, पण मिळाली की मी फुलून जायचो.

एक दिवस मालकाचा कोणी बडा मित्र जेवायला आला. त्याने मला उघडले, पेन्सिलीची अक्षरे वाचली आणि मोठ्याने हसून म्हणाला, "काय रे, हॉटेल काढलंस की बालवाडी?" तो गंमत करत होता. मालकाचा चेहरा मात्र पडला. मित्र गेल्यावर त्याने बाराही कार्डे गोळा केली, खोडरबर घेतला आणि एका टेबलाशी बसून स्वतःच्या हाताने आमच्यावरची एकेक ओळ पुसली. आत्या शेजारी उभी होती.

"साहेब, बाकीचं सगळं पुसा. नोचीखालचा अक्रोड तेवढा राहू द्या. काही जणांना बाधतो तो."

"ज्याला बाधतो तो विचारेल की."

"आणि सांगणाऱ्याला माहीत नसलं तर?"

मालकाने मान वर केली नाही. "बाई, उद्यापासून तुम्ही मोरीवर. भांडी घासायला माणूस कमीच आहे."

आत्याच्या जागी एक वाढपी आला. त्याचे नाव कोणी घेत नसे, सगळे त्याला टायवाला म्हणत. वाईट नव्हता बिचारा. बहिणीच्या लग्नासाठी राबत होता. त्याला सगळ्या नावांचे उच्चार अगदी घोटून पाठ करायला लावले होते, आणि मालकाने एकच गोष्ट बजावून सांगितली होती. गिऱ्हाइकासमोर "माहीत नाही" हे शब्द तोंडातून निघता कामा नयेत.

आत्या मोरीवर गेली आणि गप्प झाली. भाच्याने एकदा तिला म्हटले, "मी बोलू का साहेबांशी?" ती म्हणाली, "नको. तुझीही नोकरी आहे." पुढे ती मला अनेकदा आठवली. माझ्या अंगावर आता फक्त सोने उरले होते.

एका शनिवारी दुपारी सात नंबरच्या टेबलावर एक बाप आणि त्याची मुलगी येऊन बसले. बाप पोस्टमन होता. खाकी गणवेश तसाच अंगात, कारण तो पाळी संपवून थेट तरणतलावावर गेला होता. मुलगी तेरा वर्षांची. त्या दिवशी ती पोहण्याच्या शर्यतीत पहिली आली होती. वेणी अजून ओली होती. तिने मला उघडले तेव्हा वेणीतून एक थेंब माझ्यावर पडला आणि तिने तो घाईघाईने बाहीने टिपला.

"बाबा, यातलं एक अक्षर कळत नाहीये रे."

"दे इकडे. बत्तीस वर्षं लोकांची गिचमिड अक्षरं वाचतोय मी. डॉक्टरांचीसुद्धा." त्याने मला हातात घेतले, लांब धरले, जवळ धरले आणि हसून परत दिले. "हरलो बुवा. तूच बघ, बबडे."

बबडी वरून खाली बोट फिरवत निघाली. हसत नव्हती, नीट बघत होती. प्रत्येक ओळीवर थांबत होती. "बदाम नाही. काजू नाही. शेंगदाणे नाहीत. अक्रोड नाही." खालून तिसऱ्या ओळीवरून तिचे बोट गेले. सोनेरी नावाच्या खाली पेन्सिल दाबून लिहिल्याचा वळ माझ्या अंगावर अजून होता. तिचे बोट त्या वळावरून गेले, मित्रांनो. मला ते कळले. तिला कळले नाही.

"पानसोत्ती! काय मस्त नाव आहे. दादा, हे कसं असतं?"

टायवाल्याने नाव झोकात म्हणून दाखवले. "फार सुंदर डिश आहे. पांढऱ्या सॉसमधली."

"यात कुठले दाणे नाहीत ना? मला अक्रोड अजिबात चालत नाही. ओठ सुजतात."

टायवाल्याने माझ्याकडे पाहिले. ओळ वाचली. त्याने पाठ केलेल्या नावांत कुठेच अक्रोड नव्हता. भटारखान्याचे दार दहा पावलांवर होते. दुसऱ्या टेबलावरून कोणी हात करत होते, आणि काउंटरवरून मालक बघत होता.

"नाही नाही. दुधाचा सॉस आहे तो."

ढेरपोटे आले. मुलगी म्हणाली, "बाबा, दिसतात बघ कसे, तुझ्या साहेबांसारखे." दोघे हसले. तिने एक खाल्ला, दुसरा खाल्ला. तिसरा तोंडात असताना तिने गळ्याला हात लावला.

पोस्टमनने पिशवीतून गोळी काढून दिली. आधी दोनदा असे झाले होते आणि दोन्ही वेळा गोळीने भागले होते. या वेळी गोळी घशाखाली उतरेना. खुर्ची कलंडली, मी खाली पडलो आणि उघडाच राहिलो. मला फक्त पाय दिसत होते. पोस्टमनचे धुळकट बूट, टायवाल्याचे चकचकीत बूट, आणि मग मोरीकडून धावत आलेल्या आत्याच्या ओल्या चपला. तिने ताटाकडे पाहिले आणि ओरडली, "अक्रोड आहे यात! अरे, अक्रोड आहे! कोणी सांगितलं नाही का पोरीला?"

दवाखान्याची गाडी यायला चौदा मिनिटे लागली. तोवर आत्या तिचे डोके मांडीवर घेऊन बसली होती. भाचा दारात उभा होता, त्याच्या हातांना मैदा तसाच होता. मुलीला गाडीत घालून नेले. तासाभराने दवाखान्यातून फोन आला. मालकाने तो घेतला, ऐकून ठेवला आणि दाराचा बोर्ड उलटा केला.

पोलिसांनी मला उचलले, पाठीवर शिक्का मारला, प्लास्टिकच्या पिशवीत घातले, वर आकडा लिहिला. एका कपाटात मी चौदा महिने पडून होतो. माझ्या एका बाजूला एक गंजलेली कात्री होती, दुसऱ्या बाजूला कोणाचा तरी तुटका चष्मा.

मग एका सकाळी मला न्यायालयात नेऊन टेबलावर ठेवले. काम सुरू व्हायचे होते. पुढच्या बाकावर आत्या आणि भाचा बसले होते, दोघांचे आवाज दबलेले.

"आत्या, तुला काही करायचं नाहीये. आठवत नाही, एवढंच म्हण."

"मला आठवतं रे."

"मी तुला सांगितलं होतं नोचीचं, हे तू बोललीस की माझंही नाव आलं. मग मला विचारतील, तू टायवाल्याला का नाही सांगितलंस? मला कुठे कोण उभं करणार मग? माझी दोन पोरं आहेत, आत्या."

"त्यांची एकच होती."

भाचा उठला आणि दोन बाक मागे जाऊन बसला.

मालकाचा वकील उभा राहिला. त्याने मला उचलून सगळ्यांना दाखवले. "हे कार्ड पाहा. पदार्थाचं नाव इथे स्पष्ट छापलेलं आहे. नोची म्हणजे अक्रोड. कुठलाही शब्दकोश काढा. माझ्या अशिलाने काहीही लपवलेलं नाही."

मित्रांनो, तो खोटे बोलत नव्हता. माझ्या अंगावर अक्रोड होता, सोनेरी अक्षरांत, पहिल्या दिवसापासून होता. त्या मुलीने बोट ठेवून शोधला आणि तिला सापडला नाही, अशा भाषेत होता. मी साक्षीदार झालो होतो, पण चुकीच्या बाजूचा.

टायवाला आला. त्याने काही लपवले नाही. "मला माहीत नव्हतं," तो म्हणाला, आणि तेच तीन शब्द पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. कोणी थांबवले तेव्हा थांबला. भाचा म्हणाला, "मला कोणी विचारलं असतं तर सांगितलं असतं." हेही खरेच होते. सगळे खरेच बोलत होते आणि पोस्टमन एका बाजूला टोपी मांडीवर ठेवून ऐकत होता.

शेवटी आत्या उभी राहिली. तिने सगळे सांगितले. शिकवणी, पेन्सिल, खोडरबर, मोरी.

मालक म्हणाला, "साफ खोटं. असलं काही कार्डावर कधीच नव्हतं. हिला मोरीवर पाठवलं, त्याचा राग काढतेय."

न्यायाधीश बाईंनी मला मागवून घेतले. पिशवीतून काढले, उलटसुलट पाहिले. मग त्या खुर्चीवरून उठल्या आणि खिडकीशी गेल्या. त्यांनी मला तिरके धरले. सकाळचे ऊन माझ्यावरून आडवे गेले आणि खोडलेले वळ सावलीने भरून वर आले. बाई मोठ्याने वाचू लागल्या, लहान मूल वाचते तसे.

"अ... क्रो... ड."

पोस्टमनने टोपी तोंडावर धरली.

मालकाला तुरुंगवास झाला. तो किती व्हायला हवा होता, यावर लोक बरेच दिवस वाद घालत होते. हॉटेल बंद पडले. टायवाला गाव सोडून गेला. भाच्याला सजा झाली नाही, पण त्या शहरात त्याला काम मिळेना, तो पुन्हा जहाजावर गेला. जाताना आत्याला भेटला नाही. तिच्या घरी त्याचा फोटो होता, तो तिने काढला नाही एवढेच.

मला परत न्यायला हॉटेलचे कोणी आले नाही. कारकुनाने पोस्टमनला विचारले, "फेकून देऊ?" पोस्टमन म्हणाला, "द्या इकडे." तेव्हापासून मी त्यांच्या घरात आहे, दोन खोल्यांच्या, तिसऱ्या मजल्यावरच्या.

मुलीची आई लॉन्ड्रीत इस्त्री करते. शर्यतीच्या दिवशी तिची कामाची पाळी होती म्हणून ती हॉटेलात नव्हती. न्यायालयातही ती एकदाही आली नाही. पोस्टमनने मला घरी आणले तेव्हा तिने माझ्याकडे पाठ केली. त्या घरात फारसे बोलणे नव्हते. एकदा मात्र ती बोलली, भांडी लावता लावता, कोणाकडे न बघता. "शंभर वेळा बजावलं होतं तिला. बाहेर खाताना नीट वाच. पण कायम घाई. वाचलंच नसणार." पोस्टमन म्हणाला, "अगं, वाचलं होतं." ती म्हणाली, "तुम्ही पाठीशीच घालणार तिला."

एका रविवारी दुपारी दारावर थाप पडली. आत्या होती. आधीपेक्षाही बारीक झालेली. पोस्टमनने तिला आत घेतले, खुर्ची दिली. आई आतल्या दारात उभी राहिली, पुढे आली नाही.

"ताई, मी आधीच यायला हवं होतं," आत्या म्हणाली. "धीर झाला नाही. मी मोरीवर गेल्यावर गप्प बसले, ते माझं चुकलं. ते तुम्हाला तोंडावर सांगायला आले. आणि दुसरं एक आहे. पोरीचं डोकं माझ्या मांडीवर होतं. ती एकच वाक्य बोलली. न्यायालयात मला ते कोणी विचारलं नाही, आणि तिथे सांगावंसं मला वाटलंही नाही. ते तुमचं आहे."

आईचा हात चौकटीवर होता.

"माझं मनगट धरून म्हणाली, आईला सांगा, मी नीट वाचलं होतं."

मग आई चालत आली, आत्याच्या समोर खाली जमिनीवर बसली.

"परत सांगा," ती म्हणाली.

आत्याने परत सांगितले. आईने तिसऱ्यांदा विचारले, चौथ्यांदा विचारले, आणि आत्या प्रत्येक वेळी तेच वाक्य, त्याच हळू आवाजात सांगत राहिली. पोस्टमन खिडकीकडे तोंड करून उभा होता.

आत्या गेल्यावर आईने मला पहिल्यांदा हातात घेतले. पहिल्या ओळीवर बोट ठेवले आणि सावकाश खाली नेत राहिली.

मित्रांनो, इतर वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा, फाडू नका, अडगळीत टाकू नका. मी तसे म्हणणार नाही. मला खुशाल फाडा. फक्त तुमच्या हातात कधी माझ्यासारखा कागद आला आणि त्यातला एखादा शब्द कळला नाही, तर लाजू नका. विचारा, आणि एकदा विचारून समाधान झाले नाही तर आत जाऊन विचारून या म्हणा. उद्या तुमच्यापैकी कोणी दुसऱ्यांसाठी असा कागद लिहील, तर समोरच्याला कळेल असे लिहा. आणि तुम्हाला कोणी काही विचारले आणि तुम्हाला ते ठाऊक नसले, तर सरळ सांगा, मला माहीत नाही. ते म्हणायला एक क्षण लागतो. भटारखान्याचे दार दहा पावलांवर असते.